कोल्हापुरात घडणारी संथ रहस्यकादंबरी कशी लिहावी: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

रहस्यकादंबरी लिहायला बसलेला नवा माणूस बहुधा पहिल्या पानावर प्रेत टाकतो, दुसऱ्यावर पोलीस आणतो आणि चाळिसाव्या पानाला अडकतो. प्रेताचं सगळं त्याने ठरवलेलं असतं. ते ज्यांच्या घरचं आहे त्या माणसांचं काहीच ठरलेलं नसतं. पाठलागाची, गोळीबाराची गोष्ट असेल तर हे खपून जातं. पण दुःखाच्या आणि प्रेमाच्या पोटात रहस्य ठेवून ते सावकाश उघडायचं असेल तर घरातल्या माणसांपासूनच सुरुवात करावी लागते.

हा लेख तसली पहिली कादंबरी लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे, आणि ती कोल्हापूर परिसरात घडते असं धरलंय. खर्डे, फेरखर्डे, नकार, छपाई या सगळ्यातून मी गेलेय. त्यातून पक्की झालेली गोष्ट एकच: पानं लांबवून कादंबरी संथ होत नाही, नुसती कंटाळवाणी होते. घरातल्या कुणालातरी खरं बाहेर यायला नको असतं आणि ते मायेपोटी नको असतं, म्हणून ती संथ होते. उशीर होतोय असं वाचकाला वाटलं की त्या प्रत्येक उशिरामागे कुणाची तरी माया सापडली पाहिजे.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित कथानक घेऊ. चिखली-आंबेवाडीच्या अंगाचं नदीकाठचं गाव. घरचं गुऱ्हाळ. ऑगस्ट २०१९ च्या पुरात थोरला भाऊ आबा रात्री म्हशी सोडायला गेला तो परत आला नाही, आणि प्रेतही मिळालं नाही. मागे बायको सुनंदा, त्यांची लहान मुलगी, धाकटा भाऊ विलास आणि म्हातारी आई. आई सांगते, ‘माझा ल्योक यील.’ सुनंदाच्या गळ्यात मंगळसूत्र तसंच आहे. गोष्ट सुरू होते सहा वर्षांनी.

१. शेवट आधी लिहा, तोही एका पानात

त्या रात्री नेमकं काय झालं ते साध्या भाषेत, एका पानात लिहून काढा. आपल्या कथानकात: आबा आणि विलास दोघेही गुऱ्हाळातली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, घेऊन पाण्यात उतरले. पुरात काहिलीची होडी करणं इकडे नवं नाही. काहील उलटली. विलासने झाड धरलं, दुसऱ्या हातात भावाचा हात होता, आणि तो सुटला. विलासने सगळ्यांना सांगितलं की आपण त्या रात्री गावातच नव्हतो.

आता खरा प्रश्न: हात सुटला की सोडला? तुम्हाला याचं उत्तर माहीत पाहिजे. वाचकाला ते द्यायचं की नाही हे नंतर बघा. पण लेखकालाच माहीत नसेल तर विलासचा एकही संवाद धड उतरत नाही, तो कधी साधुसंत वाटतो तर कधी खलनायक. ‘लिहिता लिहिता कळेल’ हा सल्ला इतर कादंबऱ्यांना चालत असेल, रहस्याला चालत नाही.

२. जमवाजमव

लिहायला बसण्याआधी हाताशी असावं असं:

- घटनेच्या वर्षाचं आणि कथा चालू आहे त्या वर्षाचं पंचांग किंवा दिनदर्शिका. दोन्ही वर्षांची, छापील.
- त्या काळातली स्थानिक वर्तमानपत्रं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. जुने अंक बघायचे असतील तर तिथून आणि शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयातून चौकशीला सुरुवात करा. बातम्यांपेक्षा निधनाच्या आणि रक्षाविसर्जनाच्या छोट्या चौकटी वाचा. माणसं दुःख चारचौघांत कसं मांडतात ते तिथे कळतं.
- करवीर, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांचा नदी दाखवणारा नकाशा.
- नमुन्यादाखल एक सातबारा, एक फेरफार, एक वापरलेला स्टॅम्पपेपर. घरातल्या ट्रंकेत हे सगळं निघतंच.
- एक निवृत्त हवालदार किंवा पोलीस पाटील, एक वकील, एक भटजी. तिघांनाही ‘कादंबरी लिहितोय’ असं आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर वकिलाला वाटतं तुमच्याच घरात भानगड आहे.
- दोन वह्या. एकीत जे घडलं ते, दुसरीत जे वाचकाला आत्तापर्यंत माहीत झालं ते. या दोन वह्यांतलं अंतर म्हणजेच तुमची कादंबरी.

३. दुःखाचं पंचांग मांडा

प्रकरणांची रचना कशी करायची यावर नवे लेखक डोकं फोडतात, आणि आपल्याकडे ती तयार असते. माणूस गेला की आपल्या समाजात दिवस मोजले जातात: तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग दहावा, बारावा, तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध, आणि दरवर्षी पितृपक्षातला म्हाळ. प्रत्येक टप्प्याला तीच माणसं पुन्हा एकत्र येतात, ठरलेल्या जागी बसतात, ठरलेलं बोलतात. कोण आलं नाही, कोण नेहमीच्या जागी बसलं नाही, कोण रडलं नाही हे लगेच दिसतं. संशयितांना एका खोलीत जमवायला याहून चांगली सोय कुठली?

कावळा शिवण्याचा प्रसंग बघा. निवद ठेवलाय, कावळे झाडावर बसलेत, खाली उतरत नाहीत. मग एकेक जण पुढे येऊन मयताला शब्द देतो: ‘पोरीचं लगीन आमी करतो’, ‘म्हातारीला बघतो’, ‘कर्ज फेडतो’. म्हणजे प्रत्येक जण मयताची राहिलेली इच्छा काय असेल त्याचा अंदाज मोठ्याने सांगत असतो आणि त्यातून स्वतःबद्दलच बोलून जातो. शेवटी कुणीतरी हळूच काहीतरी पुटपुटतं आणि कावळा झेप घेतो. काय पुटपुटलं ते शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. एवढ्यावर तुम्ही शंभर पानं ताणू शकता. फक्त कावळ्याला चमत्कार करायला लावू नका. निवदात मटण असेल तर तो तसाही येतो.

आपल्या कथानकात प्रेतच नाही, त्यामुळे यातलं काहीच झालेलं नाही. दुःखाला दारच मिळालेलं नाही. देह न मिळाल्यास दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायची पद्धत आहे, पण आई ते करू देत नाही, कारण तिच्या लेखी पोरगा जिता आहे. पहिला सुगावा इथेच पेरता येतो. पितृपक्षात मृत्यूची तिथी माहीत नसलेल्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावस्येला करतात. अपघाताने, शस्त्राने गेलेल्यांचं घातचतुर्दशीला, म्हणजे आदल्या दिवशी. सप्टेंबर २०२५ मधल्या घातचतुर्दशीला सुनंदा मागच्या दारी जाते आणि बघते: ‘ल्योक यील’ म्हणणाऱ्या सासूने केळीच्या पानावर भात, वडे, आमटी वाढून पान परसातल्या कट्ट्यावर ठेवलंय. कुणासाठी ते ती सांगत नाही. कादंबरी इथून सुरू करा. खून, पोलीस, आरडाओरडा काही नको.

तारखा मात्र तपासून घ्या. आबा गेला ती रात्र ५ ऑगस्ट २०१९ ची धरली, तर त्या दिवशी नागपंचमी होती. आदल्या दिवशी बायकांचा भावाचा उपवास असतो. भावाभावांच्या गोष्टीत हा तपशील सोडू नका. पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे नागपंचमी १७ ऑगस्टला जाते. बेपत्ता माणसाला मयत धरायला कायद्याने सात वर्षं जावी लागतात, ते पुढे येईलच. म्हणजे कोर्टाच्या हिशेबाने सात वर्षं ५ तारखेला पुरी होतात आणि सुनंदाच्या मनात ती तिथीने १७ ला. मधले बारा दिवस तुमच्या शेवटच्या प्रकरणांसाठी आयतेच मिळाले. अजून एक: पंचमीचा चंद्र लवकर मावळतो, आणि वर आभाळ भरलेलं. त्या रात्री कुणालाही चांदण्यात काही दिसू देऊ नका.

४. नदी नीट शिकून घ्या

कोल्हापूरच्या कादंबरीत नदी आली की नवा लेखक घाटावरची सोनेरी संध्याकाळ लिहितो. रहस्याला त्याचा उपयोग नाही. पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे जातं हे माहीत पाहिजे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा. संगम प्रयाग चिखलीला. पुढे ती कोल्हापूर, इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शहरात पातळी मोजतात राजाराम बंधाऱ्यावर: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, आणि पावसाळ्यात अख्खा जिल्हा ‘किती उघडले?’ विचारत असतो. तुमच्या पात्रांनी ‘पाणी वाढलंय’ म्हणू नये. त्यांनी ‘राजारामला बेचाळीस झालंय, राधानगरीचं चार उघडल्यात’ असं म्हणावं. तेवढ्याने वाचकाच्या पोटात गोळा येतो, निदान इकडच्या वाचकाच्या तरी.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तर रहस्यलेखकासाठीच बांधलेत असं वाटावं. पावसाळ्यापूर्वी त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि पावसाळा सरला की पुन्हा घालतात. म्हणजे डिसेंबरात नदीत पडलेली वस्तू पहिल्या बंधाऱ्याला अडेल. ऑगस्टमधली अडणार नाही. एखादं पात्र सांगतं की पुरात वाहून गेलेली चप्पल जवळच्याच बंधाऱ्याच्या बरग्यात सापडली, तर ते खोटं बोलतंय. कोणी बोट दाखवायची गरज नाही. जाणकार वाचक स्वतःच पान उलटून मागे जाईल.

महापुरात पाणी नदीच्या पात्रात राहत नाही, उसाच्या फडात पसरतं. तिथे काय अडकेल आणि कधी सापडेल याचा नेम नसतो. ऊस तुटायला येतो तो दिवाळीनंतर.

५. सरकारी कागद: इथे घाई करू नका

संथ रहस्याचा अर्धा संथपणा दप्तरातून फुकट मिळतो. पण कागद चुकला तर वकील वाचक पुस्तक मिटतो.

बेपत्ता माणसाची नोंद करायला २४ तास थांबावं लागतं हा सिनेमातला समज आहे. असा नियम नाही. नोंद होते एका ठाण्यात. प्रेत वाहत जाऊन सापडतं दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, अनोळखी म्हणून. तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचांसमक्ष इन्क्वेस्ट पंचनामा होतो, शवविच्छेदन होतं, कपड्यांचं वर्णन लिहिलं जातं. करवीरची बेपत्ता नोंद आणि शिरोळकडचा एक पंचनामा, दोन्हीत ‘डाव्या दंडावर काळा दोरा’. हे दोन कागद एकाच टेबलावर यायला सहा वर्षं लागली, एवढंच तुमचं रहस्य असू शकतं. त्यात कुणाला नालायक ठरवायची गरज नाही. पुराच्या आठवड्यात कोण कुठे होतं हे आठवून बघा.

कायद्याचं नाव काळानुसार बदला. २०१९ चा पंचनामा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली असेल. १ जुलै २०२४ नंतरचा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. जुन्या कागदावर नवं कलम दिसलं तर तो कागद बनावट, आणि हवं तर हाच तुमचा सुगावा.

बुडून मृत्यू की मेल्यावर पाण्यात टाकलं, हे एका नजरेत सांगणारा डॉक्टर लिहू नका. पोटात पाणी सापडलं एवढ्याने ठरत नाही. हाडांच्या मगजात डायटम, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शैवालं, सापडतात का हे बघतात. तीही एकमेव कसोटी धरत नाहीत. व्हिसेऱ्याचा, म्हणजे तपासणीला पाठवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा, अहवाल यायला वेळ लागतो, तेव्हा तो पुढच्या प्रकरणात यायला हवाच असं नाही.

सात वर्षांचा नियम: ज्याच्याबद्दल सात वर्षं काही ऐकू आलं नाही तो मयत आहे असं गृहीत धरता येतं. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या १११ मध्ये. यातली गोम अशी की माणूस मेला हे गृहीत धरलं जातं, कधी मेला हे धरलं जात नाही. तारीख सिद्ध करावी लागते, आणि वारसाहक्काचं सगळं गणित तारखेवर फिरतं. तलाठ्याकडे वारस नोंद होते गाव नमुना ६-क मध्ये. विम्याचे पैसेही बहुतेक वेळा याच सात वर्षांपाशी अडलेले असतात. हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षं ठावठिकाणा नसणं हे घटस्फोटाचं एक कारण आहे. सुनंदापुढे ऑगस्ट २०२६ मध्ये दोन कागद येतात: एकाने ती विधवा होते, दुसऱ्याने घटस्फोटित. तिला दोन्ही नकोत. ती कुठल्या कागदावर सही करते ही वाट बघायला लावण्यासारखी गोष्ट आहे, पाठलागाइतकीच.

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. कॉल रेकॉर्ड कंपन्यांनी किमान दोन वर्षं ठेवायचं असा आताचा दंडक आहे. सहा वर्षांनी चौकशी करणाऱ्या बाईच्या हाती बहुधा काही लागणार नाही. कादंबरीच्या दृष्टीने हे चांगलंच. माणसांना माणसांशी बोलावं लागतं.

आणि स्टॅम्प. पाठीमागे विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव असतं. ट्रंकेत सापडलेला शंभराचा कोरा स्टॅम्प, तारीख पुराच्या तीन दिवस आधीची, नाव सुनंदाचं. आणि सुनंदाने आयुष्यात कधी स्टॅम्प घेतलेला नाही. म्हणजे आबाने तिच्या नावावर काहीतरी लिहून द्यायचं ठरवलं होतं. विलासला हे माहीत होतं का? हात सुटला की सोडला, हा प्रश्न इथे विषारी होतो. एक काळजी घ्या: ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर-दोनशेच्या स्टॅम्पची जागा पाचशेने घेतली आहे. २०२५ मधल्या प्रसंगात कुणाला नवा शंभराचा स्टॅम्प घेऊ देऊ नका.

६. लपवणाऱ्याला मायेचं कारण द्या

हा टप्पा सगळ्यात अवघड. प्रत्येक पात्राच्या नावापुढे दोन ओळी लिहा: काय लपवतो, आणि कुणासाठी. ‘कुणासाठी’पुढे ‘स्वतःसाठी’ असं दोनापेक्षा जास्त ठिकाणी आलं तर तुमची गोष्ट जमिनीच्या वादाची झाली. ती लिहा, पण ती वेगळी कादंबरी.

आपल्या कथानकात आई लपवते की म्हशी सोडायला आबाला तिनेच पाठवलं. सुनंदाला हे कळलं तर ती घर सोडेल, नात जाईल, ही तिची भीती. विलास लपवतो की तो बरोबर होता. सुरुवातीला आईसाठी: एका लेकाच्या हातून दुसरा गेला हे तिला कळू नये म्हणून. आणि मग वर्षं जातात. वहिनीच्या पोरीला तो शाळेत सोडतो, वहिनीचा दवाखाना बघतो, गुऱ्हाळ चालवतो, आणि त्याचा जीव तिच्यात गुंततो. तिचाही. आता तो बोलत नाही ते स्वतःसाठी. लपवणं तेच, दयेचा गुन्हा झाला तो या सहा वर्षांत, आणि नेमका कुठल्या दिवशी ते त्यालाही सांगता येणार नाही. तुमची कादंबरी त्या न सांगता येणाऱ्या दिवसाभोवती फिरली पाहिजे.

प्रेमाचे प्रसंग लिहिताना नवे लेखक रंकाळ्याला जातात. जाऊ नका. खेड्यातली विधवा नाही, सधवा नाही अशी बाई आणि तिचा दीर रंकाळ्यावर भेळ खात नसतात. त्यांच्यातलं प्रेम दिसतं ते ताटात. ती त्याला वाढताना मिरचीचा खर्डा आधी ठेवते की नंतर, तो तिच्याकडे न बघता ‘बास’ म्हणतो की हात आडवा धरतो. तो तिला नेहमी ‘वैनी’ म्हणतो. ज्या दिवशी तो नुसतं ‘ऐका की’ म्हणून सुरुवात करतो, त्या दिवशी सासूच्या हातातली जपमाळ थांबते. कादंबरीभर असे चार-पाच प्रसंग पुरेत.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि नंतर राज्य सरकारनेही इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमची नायिका याच जिल्ह्यातली, याच काळातली आहे. तिने हे ऐकलेलं असणार. सुनंदा ती बातमी वाचते तेव्हा गंमत बघा: बांगड्या फोडू नयेत असा ठराव झालाय, पण तिच्या बांगड्या फोडायची वेळच अजून आलेली नाही. तिला त्या बायकांचा हेवा वाटतो. असा उलटा भाव सापडला की समजावं, पात्र उभं राहिलं.

७. सुगावा कामाच्या धबडग्यात पुरा

सुगावा द्यायचा तेव्हा पात्राचे हात कशात तरी गुंतलेले असू द्या. आणि सुगावा सांगणाऱ्याला तो सुगावा आहे हे ठाऊक नसावं. नमुना देते. नोव्हेंबर, गुऱ्हाळाचा मोसम सुरू, पहिली काहील चढवायची आहे:

गुळव्यानं काहिलीच्या बुडावर तळवा फिरवला. मधेच थांबला.
‘ह्यो जोड कवा मारलाय, वैनी?’
‘मला काय म्हाईत. आत्या बघतात त्ये.’
‘पुरात न्हेली असंल कुणीतरी. दोघांबिगर हालत न्हाई ही.’ त्यानं हात झाडले. ‘भेंडी ठेचली का रं? आण हिकडं.’
सुनंदानं चिपाडांचा भारा खाली टाकला. चुलाणापुढं बराच वेळ तशीच उभी राहिली, मग दुसरा भारा आणायला गेली.

काहील एकट्याला हलत नाही. आबा एकटा गेला असं सगळं गाव सहा वर्षं सांगतंय. एवढंच. सुनंदाला लगेच सगळं कळू देऊ नका. तिला आत कुठेतरी कळलंय आणि ती ते कळून घेत नाहीये, हे वाचकाला दिसू द्या. तिने विलासला त्या रात्री नेहमीसारखंच जेवायला वाढलं, एवढं पुढच्या पानावर लिहिलंत की काम झालं.

गुऱ्हाळाचा तपशील खरा हवा: उसाच्या रसात ठेचलेली भेंडी घालून मळी वर आणतात, चुलाणात चिपाडं जळतात, गुळव्या पाक गार पाण्यात टाकून बोटांनी अजमावतो. पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद, काहील पालथी. ज्याने गुऱ्हाळ पाहिलं नाही त्याने एक दिवस जाऊन उभं राहावं. गरम गूळ खायला मिळतो तो वेगळाच.

८. बोली आणि कोल्हापूरची पोस्टकार्डं

तांबडा-पांढरा, चप्पल, तालीम, अंबाबाई, मिसळ, ‘नाद खुळा’ हे सगळं पहिल्या तीस पानांत आलं असेल तर निम्मं काढा. इथल्या माणसाला रोज सकाळी आपण कोल्हापुरात राहतो याचं आश्चर्य वाटत नसतं. अंबाबाईच्या मूर्तीवर सूर्याची किरणं पडतात तो किरणोत्सव हवाच असेल तर ९ ते ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीला, सकाळी नव्हे. पंचगंगा स्मशानभूमीसाठी होळीच्या वेळी लोक शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात. दुःखाच्या कादंबरीला असला तपशील मिसळीपेक्षा जास्त उपयोगाचा.

निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, बोली संवादांत. आणि इकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात हे विसरू नका. निनावी चिठ्ठीत ‘मी समदं बघितलो हाय’ असं असेल तर बाहेरून आलेला अधिकारी पुरुष शोधत बसेल. गावातली कुठलीही आजी मात्र चिठ्ठी वाचून गप्प राहील. ही युक्ती एकदाच वापरा.

९. खर्डा कुणाला द्यायचा

पहिला खर्डा नवऱ्याला, बायकोला किंवा मित्राला देऊ नका. ते ‘छान’ म्हणतात. तीन प्रकारचे वाचक शोधा. एक, फक्त रहस्य वाचणारा: त्याला विचारा, कुठल्या पानावर तुला कळलं? दुसरी, अलीकडे घरातलं माणूस गेलेली व्यक्ती, आणि तिला आधी विषय सांगूनच. ती ज्या पानावर थांबली ते पान बहुधा खरं उतरलेलं असतं किंवा साफ खोटं. तिसरा, नदीकाठचा शेतकरी. तो दुःखावर काही बोलणार नाही, पण ‘म्हशीचं दावं असं सोडत न्हाईत’ हे सांगेल.

रहस्य फार लवकर कळलं असं पहिल्याने सांगितलं तर घाबरून नवा संशयित घालू नका. संथ कादंबरीत वाचकाला उत्तर अर्ध्यावर कळलं तरी चालतं. मग तो सुनंदाला कधी कळणार याची धाकधूक घेऊन वाचतो. नवा संशयित घातला की मात्र घरची गोष्ट फुटते.

१०. छापण्याच्या वाटेवर

प्रकाशकाला पूर्ण हस्तलिखित पाठवण्याआधी दोन पानांचा सारांश, पहिली तीन प्रकरणं आणि एकूण शब्दसंख्या पाठवा. सारांशात शेवट लिहा. तिथे रहस्य राखून ठेवणारे लेखक संपादकाला हसू आणतात. लेखनाचा हक्क लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, नोंदणी ऐच्छिक. लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो टिकतो. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला पाठ दाखवा.

करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: हक्क किती वर्षांसाठी देताय, चित्रपट आणि ऑडिओचे हक्क त्यात गुपचूप गेलेत का, आणि मानधन छापील किमतीवर आहे की विक्रीच्या रकमेवर.

तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्यात श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बदलला जातो, आणि त्या बदलात रफार, ‘ऱ्य’, अवतरणचिन्हं हमखास उडतात. ‘गुऱ्हाळ’ आणि ‘म्हाताऱ्या’सारख्या ठिकाणी खास नजर ठेवा. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, त्यामुळे शेवटी चार पानं उरली तर प्रकाशक जाहिरात टाकेल. त्याआधी विचारून घ्या. प्रूफ पडद्यावर तपासू नका, कागदावर छापून घ्या. आणि तारखा, तिथ्या, कलमं, पाण्याची पातळी, स्टॅम्पची रक्कम एवढ्याच गोष्टींसाठी एक वाचन वेगळं करा, हातात दिनदर्शिका घेऊन.